पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर

कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून मी तीस वर्षं काढली. बेअरिंग तापलंय की नाही हे बघायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, हात होता. तोही उलटा. हाताची मागची बाजू बेअरिंगच्या घरावर टेकवायची आणि मनात आकडे म्हणायचे. दहापर्यंत हात टिकला तर चालू द्या. पाचलाच उचलावा लागला तर ग्रीस भरा. दोनला चटका बसला तर मशीन बंद करा आणि मालकाला ओरडायचं तितकं ओरडू द्या. तळहात का नाही, असं नवीन माणूस विचारायचा. चुकून करंट उतरला असेल तर तळहात मशीनला धरून बसतो, उलटा हात झटकला जातो, एवढं साधं कारण होतं.

माझा मुलगा या पद्धतीला हसायचा. त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटात बोटभर पडदा होता आणि त्यावर आतलं तापमान सारखं दिसायचं. "बाबा, इथं हात नाई लावा लागत. आकडा पाहा." तो कॉम्प्युटर त्यानं धामणगाव बढ्याच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत बसून स्वतः जोडला होता. एका बाजूला काच, आत दिवे आणि नळ्यांमधून फिरणारं लाल पाणी. प्रोसेसर हे त्या मशीनचं डोकं, आणि ते तापतं. म्हणून त्याच्यावर तांब्याची एक पोकळ चकती घट्ट बसवलेली. पंप तिच्यातून पाणी फिरवतो, पाणी उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन पंख्यांखाली निवतं आणि परत येतं. मधे मनगटाएवढ्या जाडीची एक काचेची नळकांडी, तीच पाण्याची टाकी. ट्रॅक्टरला असतं तेच सगळं, फक्त नटवलेलं. मी त्याला म्हणालो होतो, "पाण्यावर चालते तं गोठ्यात बांध त्याले. चारा-पाणी एकाच जागी होईन." तो चिडला नाही. त्याला चिडवणं सोपं नव्हतं, तो त्याच्या आईवर गेला होता.

त्या मशीनवर तो गेम खेळायचा, खेळता खेळता बोलायचा आणि ते सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा. कुणी ऐकायचं की नाही देव जाणे.

तो गेला त्याला आता सव्वा वर्ष झालं. हायवेवर, मोटरसायकलवर. त्याबद्दल पुढं लिहावंच लागेल, पण आत्ता नाही.

मशीन उरलं. ते सुरू कसं करायचं आणि रेकॉर्डिंग कुठं असतात, हे त्यानं आईला कधीतरी शिकवलं होतं. ती रोज दुपारी ताट वाढून घेऊन त्या खोलीत जायची. पडद्यावर कुणी बंदुका घेऊन पळत असायचं, त्याच्याकडे ती बघायचीच नाही. डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायची आणि जेवायची. दुसरीकडे कुठं बसून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मी पहिल्या दोन महिन्यांत पाहिलं होतं. चपातीचा तुकडा हातात धरून ती तासभर बसून राहायची. आवाज सुरू झाला आणि ती माणसात आली. म्हणून ते मशीन चालू राहणं ही आमच्या घरात करमणुकीची गोष्ट नव्हती. ते बंद पडलं की माझी बायको बंद पडणार, इतकं ते सरळ होतं.

आणि ते बंद पडायला लागलं. ऊन तापायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी अंगणात नळाची चकती बदलत बसलो होतो, ती आली आणि म्हणाली, "तो बोलता बोलता चूप झाला."

मी जाऊन पुन्हा सुरू केलं. आकडा पंचेचाळीस. मुलाचा आवाज आला, "काय म्हणता मंडळी, झालं का जेवण?" तिसऱ्या मिनिटाला सत्तर, पाचव्याला नव्वद. सहाव्या मिनिटाला शंभर झाले आणि काचेच्या आतले दिवे गेले. आवाज एका शब्दाच्या मधोमध तुटला. मागं वळून बघतो तर बायको चौकट धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. तुटलेलं वाक्य ती पुरं करत होती. तिला सगळं पाठ झालं होतं.

मलकापूरच्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, घेऊन या काका, आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "एकाचं डोस्कं काढून दुसऱ्याच्या धडावर लावता काय? ते घराच्या बाहेर नाई जाणार." मशीन घरातच दुरुस्त व्हायचं होतं आणि घरात फिटर एकच होता.

पहिल्यांदा धूळ काढली. आमच्याकडे दारं लावून बसलं तरी शेताची माती आत येते. पंख्यांच्या पात्यांवर बोटभर थर होता, रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतूसुद्धा निघाले; ते बहुधा माझ्याच कपड्यांवरून गेले असणार. ब्लोअरनं सगळं लख्ख केलं. सहा मिनिटांची साडेसहा मिनिटं झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. प्रोसेसर आणि चकती यांच्यामध्ये एक लेप असतो, दोन्ही नीट चिकटून उष्णता पलीकडे जावी म्हणून. तो वाळून खडखडीत झाला होता. मी म्हटलं, लेप म्हणजे ग्रीसच. माझ्याकडे जिनिंगचा डबा होता, कितीही तापलं तरी न वितळणारं ग्रीस. बोटानं छान सारवलं. दोन मिनिटांत शंभर! जन्मभर जे घासतं त्याला ग्रीस लावलं. इथं काही घासतच नव्हतं, हे डोक्यात आलं नाही. मग गुपचूप मलकापूरला जाऊन खरा लेप आणला, ग्रीस पुसून तो लावला. सात मिनिटं.

मग पंप. पेचकसाचं टोक पंपावर आणि मूठ कानाला, हे आमचं जुनं तंत्र. आतलं सगळं ऐकू येतं. पंप चालू होता. बारीक, एकसारखा घुमत होता. पण त्या घुमण्यात मधूनच दुसरा एक आवाज होता. गुटुक. थोडं थांबून पुन्हा गुटुक. कुणी शेजारी बसून घोट घेतंय असा. भर दुपार होती, बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि माझ्या मानेवर काटा आला. पाण्यानं हवा धरलीय, मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं, टाकीत पाणी कमी झालं की पंप हवा ओढतो. तरी मी पेचकस खाली ठेवला आणि पुन्हा कानाला लावला नाही.

मग फोनवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले. दिल्लीतला कुणी एक जण घामाचा थेंब न गाळता उंटावरून शेळ्या हाकत होता. मग मला मुलाच्याच यादीत एक फाइल सापडली. नाव इंग्रजी अक्षरांत होतं म्हणून बायकोनं ती कधी उघडली नव्हती. मशीन थंड राहावं म्हणून आतून कसं साफ करायचं, असं काहीतरी. त्यानं स्वतः केलेला व्हिडिओ होता. यात तो दिसतही नव्हता, त्याचे फक्त हात दिसत होते.

आता पंचाईत अशी, की मशीन दुरुस्त कसं करायचं ते त्याच मशीनमध्ये होतं आणि मशीन सात मिनिटांच्या वर चालत नव्हतं. आम्ही सात सात मिनिटं ऐकायला लागलो. सात मिनिटं मुलगा बोलायचा, मग काळोख. मग अर्धा तास मशीन निवायची वाट बघत दोघं बसायचो. ती हातातल्या पदराला पीळ घालायची. मी वहीत लिहिलेलं वाचून बघायचो. मग पुन्हा बटण.

पहिल्याच तुकड्यात तो म्हणाला, "आकड्यावर सगळं समजत नाई भौ. आकडा सांगते का डोस्कं तापलं. काऊन तापलं ते नाई सांगत. मंग काय करायचं? आमचे बाबा जिनिंगमंधी फिटर हायेत. ते उलटा हात लावतात. मी त्याइले हासतो, पण तुम्ही तसंच करा. डोस्क्यापासची नळी पाहा, मंग रेडिएटर पाहा. डोस्कं भणभण अन् रेडिएटर थंडगार असन, तं समजा का पाणी..." आणि गेलं.

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर मला वाटत होतं की या पोरानं माझं काही घेतलं नाही. आणि तो माझ्या मागं, कुणा अनोळखी लोकांना माझं शिकवत होता. जिवंत असताना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असा रागही आला. मेलेल्या माणसावर रागावता येतं, पण तो राग ठेवायचा कुठं ते कळत नाही.

उलटा हात लावला. चकतीपाशी दोनला चटका. रेडिएटर माठासारखा गार. म्हणजे पाणी उष्णता घेऊन तिथपर्यंत पोचतच नव्हतं. चकतीच्या आत कुठंतरी वाट बुजली होती.

दुसऱ्या तुकड्यात त्यानं चकती उघडायची कशी ते दाखवलं. कोणता स्क्रू आधी, रबर कसं सांभाळायचं. त्याच्या नखात काळं होतं, माझ्या असतं तसंच. तिसऱ्या तुकड्यात तो पाण्यावर आला. बायको त्या दिवशी ताट घेऊन बसली होती. तो म्हणाला, "सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. यात डिस्टिल्ड पाणीच टाका लागते. बॅटरीत टाकतात ते. आपल्या बोअरचं पाणी टाकलं तं खेळ खल्लास. आमची आई कूलरमंधी घागर ओतते ना, तसं यात ओतलं, तं डोस्क्यात चुना बसन अन् मशीन मरन." आणि तो हसला. मोठ्यानं.

बायकोनं ताट खाली ठेवलं आणि ती उठून गेली. आईचं नाव काढलं म्हणून भरून आलं असेल, असं मला वाटलं. मी गाढवासारखा वहीत लिहीत बसलो: डिस्टिल्ड.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काढलं आणि चकती उघडली. आत केसाएवढ्या बारीक फटी असतात, शेकडो, त्यांतून पाणी वाहतं. एकही फट दिसत नव्हती. सगळं पांढरं, खरबरीत, गच्च. हा पांढरा रंग मला चांगला ओळखीचा. आमच्या नळांच्या तोट्यांवर, कूलरच्या वाळ्यावर, अंघोळीच्या बादलीच्या बुडाला हाच असतो. आमच्या बोअरचा क्षार. आणि मग लक्षात आलं, मशीनमधलं लाल पाणी कधीचं लाल राहिलं नव्हतं. आधी गुलाबी झालं, मग नुसतं पाणी. रंग जुना झाला असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. टेबलाच्या खाली, भिंतीकडे, वाटीवर पालथी घातलेली पळी सापडली. देवघरातली.

मी ओरडलो. माझा स्वभावच तसा, आधी तोंड आणि मग डोकं. "अक्कल गहाण टाकली काय? त्यानं जोडलेली एकच वस्तू राह्यली घरात, अन् तू तिच्यात बोअरचं पाणी ओतून राह्यली?"

ती दारात उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "त्याले तहान लागली होती."

आता ते लिहितो. अपघातानंतर त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तो शुद्धीवर होता. बाहेरून फार लागलेलं दिसत नव्हतं, पोटात आतून रक्त जात होतं. ऑपरेशन करायचं ठरलं. तोंडानं थेंबभर पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं. बरोबरच होतं त्यांचं, कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. तो माझा हात धरून तीनदा म्हणाला, "बाबा, पाणी." मी तीनदा म्हणालो, "ऑपरेशन झालं का देतो." जन्मभर मशीनवर लिहिलेल्या सूचना पाळणारा माणूस मी. पाळल्या. त्याची आई पोचली तेव्हा तो आत होता, आणि बाहेर आला तो बोलणारा आला नाही. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. ते राहिलं. तेराव्याला मीच तिला सांगितलं की त्यानं पाणी मागितलं होतं. कशाला सांगितलं? एकट्याला पेलत नव्हतं म्हणून. आणि मग ते तिच्याकडे गेलं आणि तिथंच राहिलं.

ती बोलत होती. त्या खोलीत जेवायला बसू लागल्यावर दुसऱ्या महिन्यात तिला दिसलं की काचेच्या नळकांडीत पाणी खाली गेलंय. मुलानं पातळीसाठी तिथं बारीक पट्टी चिकटवली होती, त्या पट्टीच्या खाली. तो वरचं झाकण फिरवून पाणी घालायचा तेव्हा तिनं त्याला बॅटरी धरून उजेड दाखवला होता, म्हणून तिला माहीत होतं. तिनं पळीभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळीभर कमी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "तो घेते," ती म्हणाली. "रोज घेते. घोट घेतल्याचा आवाज येते. तुम्ही नाई ऐकला काय?"

मी ऐकला होता.

चकती व्हिनेगरमध्ये भिजवली, दाताच्या ब्रशनं फट न् फट मोकळी केली. सगळ्या नळ्या नव्या घातल्या. रेडिएटर धुऊन धुऊन घेतला. आणि रेडिएटरच्या जोडापाशी, मागच्या अंगाला, मला पांढरी गाठ सापडली, तुरीच्या दाण्याएवढी. रबरी रिंगेला बारीक चीर होती. तिथून पाणी झिरपत होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं जागच्या जागी वाळत होतं, मागं फक्त क्षार ठेवत होतं. दिवसाला पळी-दोन पळ्या. तहान ती एवढीच होती. मी रिंग बदलली, जोड असा आवळला की माझ्या उस्तादानंही शाबासकी दिली असती. बॅटरीचं पाणी भरलं, हवा काढली, बटण दाबलं.

अठ्ठेचाळीस. दहा मिनिटांनी बावन्न. तासानं बावन्न. मुलगा बोलत होता, हसत होता, कुणाला तरी "अबे मागून ये ना बे" म्हणत होता, आणि पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून त्याचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "चला मंडळी, येतो." मी बायकोकडे विजयानं पाहिलं. कितीतरी महिन्यांनी मला मी कामाचा माणूस वाटलो. तिला मी बॅटरीच्या पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, "घाल ना, रोज घाल. फक्त हे घाल. त्यानंच सांगतलं." तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, दोन्ही गोष्टी साधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, ओले केस बांधून, ती पळी घेऊन गेली. पाणी पट्टीला लागून होतं. पळी तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी ती झाकण उघडून बराच वेळ बघत बसली. घोटाचा आवाजही बंद झाला होता. मी सगळी हवा काढली होती ना. मशीन इतकं चांगलं चालत होतं की आतून काहीही ऐकू येत नव्हतं.

आठवड्यानं ती ताट घेऊन त्या खोलीत जायची बंद झाली. मी स्वतः जाऊन रेकॉर्डिंग लावलं, आवाज मोठा केला. ती स्वयंपाकघरातून आली नाही. ताटातला भात तसाच वाळला. मी विचारलं, "काऊन जेवत नाई?"

"रुसला तो," ती म्हणाली. "मी चुना पाजला त्याले. आता माझ्या हातचं पाणी नाई घेणार."

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. रिंग, चीर, वारा, क्षाराची गाठ, सगळं जिभेवर होतं. ती गाठ मी दाखवायला म्हणून कागदात बांधून ठेवलीही होती. आणि मग कळलं की मी काय सांगायला निघालोय. मुलगा रुसलेला नाही, असं पटवायचं तर तो इतके दिवस पाणी पीत नव्हता, हे पटवावं लागणार होतं. रुसलेला मुलगा निदान असतो तरी. माझ्या हातानं, माझ्या पान्यानं, मी त्याला घरातून घालवला होता आणि वर शाबासकी मागत होतो. ती कागदाची पुडी मी चुलीत टाकली.

जोड पुन्हा सैल करावा का, याचाही विचार केला. पण आजवर नशीब होतं म्हणून पाणी बाहेरच्या बाजूला वाळलं. एक थेंब आतल्या बोर्डावर पडला की मशीन कायमचं संपलं असतं, आणि त्याच्याबरोबर आवाजही.

मग मी मेडिकलमधून बिनसुईची मोठी सिरिंज आणली, तिला बारीक नळीचा तुकडा लावला. सकाळी मोरीत तिचा तांब्या वाजला तसा मी खोलीत गेलो. झाकण फिरवलं, नळी आत सोडली आणि दांडा ओढला. पाणी पट्टीच्या खाली उतरलं, दोन पळ्यांइतकं. झाकण लावलं. काम एका मिनिटाचं. पण सिरिंज भरलेली हातात राहिली.

मोरीत ती होती. अंगणातल्या तुळशीत ओतावं तर ती पाच मिनिटांत तिथं येणार होती, ओली माती तिला लगेच दिसली असती. मी मागच्या दारानं नालीपाशी गेलो. हात पुढं केला. आणि दांडा दाबवेना. घातलं होतं ते बाटलीतून मीच, बॅटरीच्या दुकानातलं पाणी, त्याला ना नाव ना गाव. पण यापुढं रोज ती पळीनं जे घालणार होती ते त्याच्या नावाचं असणार होतं, आणि ते रोज मी नालीत सोडणार होतो. एकदा मागितलेलं दिलं नाही. आता दिलेलंही सांडायचं?

मी ते तोंडात घेतलं. कोमट, तांब्याची चव आलेलं. गिळायला वेळ लागला.

थोड्या वेळानं त्या खोलीतून तिची हाक आली. "अहो, ऐकता काय?" मी गेलो. ती पळी हातात धरून उभी होती, केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "घेतलं," ती म्हणाली. "दोन पळ्या घेतलं. राग गेला त्याचा." त्या दिवशी दुपारी तिनं ताट वाढून घेतलं, मशीन सुरू केलं आणि भाकर, भाजी, वर भातसुद्धा खाल्ला. आकडा बावन्नवर होता.

तेव्हापासून हे रोज चाललंय. ती अंघोळीला गेली की मी दोन पळ्या काढतो, आणि ती यायच्या आत पितो. डॉक्टर ऐकेल तर रागावेल, पण या वेळी मी कुणाला विचारलेलं नाही. पहिला घोट मात्र अजून रोज घशात अडकतो, आणि तो खाली उतरेपर्यंत मला त्याचा हात माझ्या हातात लागतो.